पहिली सुरी: घण नंतर, आधी कानस

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरच्या सुऱ्यांना धार लावण्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर धारेपेक्षा सुरी करण्याबद्दलचीच पत्रं जास्त आली. माझी नोकरी टूलरूममध्ये, हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे पोलाद तापवून-निववून कडक किंवा नरम करायच्या भट्टीवर झाली. हातानं सुऱ्या करणं निवृत्तीनंतरचं. त्यामुळे उत्तरं देताना मी भट्टीकडे झुकणार, हे वाचकांनी गृहीत धरावं.

मी सातारा जिल्ह्यातला, वय २६. व्हिडिओ बघून हातानं सुरी करायची इच्छा झाली आहे. गॅरेजमधून ट्रकच्या स्प्रिंगचा तुटका पाटा आणला आहे. ऐरण नाही. एक भंगारवाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा देतो म्हणतो. भट्टी कशी बांधू? सुरुवात कुठून करू?

पाटा कोपऱ्यात ठेवून द्या आणि रुळाचा नाद सोडा.

रूळ ऐरणीला झकास, यात शंका नाही. पण तो कुठून आला याचा कागद तुमच्याकडे नसेल तर १९६६ चा रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायदा आडवा येतो. भंगारवाला ‘काही होत नाही हो’ म्हणेल, पण चौकीत तुमच्या शेजारी बसायला तो येणार नाही.

पाट्याचं पोलाद वाईट नाही. बहुधा ईएन ४५ जातीचं असतं, कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर, सिलिकॉन दीड ते दोन टक्के. गावोगावचे लोहार त्याचे कोयते करतात ते उगाच नाही. पण ट्रकचा पाटा आठ-दहा मिलिमीटर जाड, आणि भाजीची सुरी पाठीकडे जेमतेम दोन ते अडीच. मधलं सगळं पोलाद काढायचं म्हणजे घण, भट्टी, ऐरण आणि धरायला दुसरा माणूस. शिवाय हा पाटा तुटलेला आहे. वर्षानुवर्षं खड्डे खाऊन थकलेल्या पोलादात डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असतात, आणि नेमक्या पाणी देताना, म्हणजे लाल पोलाद तेलात किंवा पाण्यात झटकन गार करून कडक करताना, त्या उघडतात. पंधरा दिवसांचं काम एका ‘टिक्’ आवाजात संपतं.

पहिल्या सुरीसाठी आयती पातळ पट्टी घ्या. मुंबईत गुलालवाडी-कीका स्ट्रीटकडे, पुण्यात भवानी पेठेत चौकशी करा. दुकानदाराला ‘ईएन ४२जे किंवा सी ८० ची स्प्रिंग स्टील पट्टी, अडीच मिलिमीटर, अ‍ॅनील केलेली’ असं सांगायचं. ‘अ‍ॅनील’ म्हणजे नरम करून ठेवलेली, हा शब्द विसरू नका. कडक करून ठेवलेली पट्टी मिळाली तर तुमची कानस तिच्यावरून नुसती घसरेल. या पोलादात कार्बन पाऊण टक्क्याच्या आसपास असतो आणि ते तेलात सरळपणे कडक होतं, नवशिक्याची फजिती करत नाही. लाकडाच्या वखारीतलं रुंद बँडसॉचं जुनं पातंही चालतं, पण ते आधी लाल करून चुन्याच्या किंवा राखेच्या ढिगात रात्रभर निवू द्यावं लागतं, म्हणजे नरम पडतं.

पोलाद कुठलंही आणा, आधी बोटाएवढा तुकडा कापून तपासा. लालभडक करा, तेलात बुडवा, गार झाल्यावर व्हाइसमध्ये धरून हातोडी मारा. घाव घालताना चष्मा हवाच. तुकडा काडकन मोडला तर पोलाद कामाचं. वाकला तर ते साधं एमएस, म्हणजे कमी कार्बनचं नरम लोखंड आहे, त्याची खिडकीची जाळी करा.

आता हत्यारं. बारा इंची बास्टर्ड (जाड दात्यांची) कानस, दहा इंची स्मूथ (बारीक दात्यांची) कानस, हॅकसॉ, बरा व्हाइस, ड्रिल, दोन सी-क्लॅम्प आणि पॉलिश पेपर १२० पासून ४०० पर्यंत. ग्राइंडर नसला तरी चालतं, किंबहुना पहिल्या सुरीला नसावाच. ग्राइंडर दोन सेकंदांत जे खातो ते परत लावता येत नाही. कानस हळू खाते, तेवढ्यात हाताला कोन समजतो. कानस पुढे जाताना दाबायची, मागे येताना उचलायची. मागे-पुढे रगडली की दाते जातात, आणि मग लोक म्हणतात कानस खराब लागली. दात्यांना खडू चोळून ठेवा, म्हणजे कीस अडकून पोलादावर ओरखडे पडत नाहीत.

आकार आधी पुठ्ठ्यावर काढा आणि तो पुठ्ठा हातात धरून कांदा चिरायचं नाटक करा. हसू नका. निम्म्या सुऱ्या इथेच फसतात, कारण बोटांची पेरं चिरायच्या फळीला लागतात. पातं पाच-सहा इंच, उंची पस्तीस-चाळीस मिलिमीटर, आणि पट्टी मुठीच्या शेवटापर्यंत अखंड ठेवा. मूठ लपवून बसवायच्या पद्धती नंतर शिका. हॅकसॉनं ढोबळ कापून, कडा कानशीनं रेषेपर्यंत आणायच्या.

धारेच्या कडेला मार्करनं रंगवून तिच्यावर मध्यरेषा ओढावी लागते, दोन्ही बाजूंचा उतार तिच्यावर येऊन भेटतो. ही रेषा ओढायला महागडं साधन नको. पट्टी जेवढी जाड तेवढ्याच व्यासाचं ड्रिलचं बिट घ्या, सपाट काचेवर पट्टीशेजारी आडवं ठेवा, त्याचं टोक बरोबर मध्यावर येतं. तेच कडेवरून ओढायचं. उतार काढताना मात्र थेट धारेपर्यंत जाऊ नका. कड साधारण एक मिलिमीटर जाड राखायची. पातळ कड भट्टीत जळते आणि तेलात वाकडी होते. मुठीची भोकंही आत्ताच पाडा, कडक झाल्यावर ड्रिलच जाईल. पातं आणि मूठ भेटतात तिथे काटकोन ठेवू नका, गोलाई द्या. तडा अशाच कोपऱ्यातून निघतो. धारेला आडवे ओरखडे राहिले असतील तर २२० च्या पेपरनं घालवा. तेही तड्याचं आमंत्रणच.

आणि आता भट्टी, जिची तुम्हाला घाई आहे. बांधायची नाही. जमिनीत हातभर चर, त्यात लोणारी कोळसा, एका टोकानं लोखंडी पाइप आणि त्याला जुना हेअर ड्रायर किंवा हाताचा ब्लोअर. एवढ्या आगीत सहा इंची पातं सहज लाल होतं. निखाऱ्यात चौकोनी पाइपचा तुकडा ठेवून पातं त्याच्या आत तापवलं तर सगळीकडे सारखं तापतं, टोक जळत नाही. दिवेलागणीला काम करा, उन्हात रंग कळत नाही. तारेला बांधलेलं लोहचुंबक जवळ ठेवा. साधारण ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटणं सोडतं. तिथून रंग आणखी एक छटा उजळू द्यायचा, म्हणजे ८०० ते ८२० अंश, आणि थांबायचं. पिवळ्याकडे जाऊ दिलंत की आतला कण फुगतो आणि सुरी ठिसूळ होते.

तेल खाण्याचंच वापरा, सोयाबीन, शेंगदाणा, मोहरी, कुठलंही, चार-पाच लिटर, लोखंडी डब्यात. प्लास्टिकची बादली बिलकुल नको. तेल आधी ५०-६० अंशांपर्यंत तापवायचं, कारण कोमट तेल पातळ होतं आणि पात्याची उष्णता लवकर ओढतं. गाडीचं जळकं ऑइल वापरू नका, त्याच्या धुरात काय काय असतं ते गॅरेजवाल्यालाही माहीत नसतं. पातं एका दमात पूर्ण बुडवा. अर्धं बाहेर राहिलं तर तेल पेट घेतं. डब्याचं झाकण हाताशी हवं, पेटलं तर झाकायचं, पाणी कधीच मारायचं नाही. आत पातं धारेच्या दिशेनं सुरी चालवल्यासारखं हलवा, आडवं हलवलंत तर ते केळीच्या सालीसारखं वळेल. बाहेर काढल्यावर जुनी कानस धारेवर फिरवा. घसरली तर पाणी बसलं.

अशी सुरी हातातून पडली तर तुकडे होतील, म्हणून तिला लगेच, त्याच संध्याकाळी, ओटीजीत २०० अंशांवर दोन तास ठेवायचं, निवू द्यायचं आणि पुन्हा दोन तास. ओटीजीच्या चकतीवरचे आकडे भरवशाचे नसतात, आत एक ओव्हन थर्मामीटर टाका. आधी घासून चकचकीत केलेल्या जागेवर फिका गव्हाळ रंग आला पाहिजे. घरच्यांना आधी विचारा, तेलकट वास दोन दिवस केकला येतो.

नंतरचं काम निवांत आहे. उरलेला एक मिलिमीटर दगडावर आणि पॉलिश पेपरवर पाणी मारत उतरवा. इथे कुणाचा ग्राइंडर उसना आणलात तर पातं उघड्या हातानं धरा आणि दर फेऱ्याला पाण्यात बुडवा. धारेवर निळी झाक दिसली की तेवढी धार नरम पडली, आणि नुसतं पाण्यात बुडवून ती परत येत नाही. मुठीला शिसव, बाभूळ, खैर, काहीही वाळलेलं लाकूड. खानदेशातलं अंजन मिळालं तर सोनं, फक्त कानस घाम काढेल. अरल्डाइट आणि दोन पितळी पिना, रात्रभर क्लॅम्प. शिसवीच्या भुशानं काहींच्या अंगाला खाज सुटते, मास्क लावा. वरून जवसाचं तेल द्या, आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप पेटतात. दोरीवर पसरून वाळवा, मग टाका.

हे सगळं झाल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या सुरीनंतर, तो पाटा आणि घण बघू.

आम्ही बीड जिल्ह्यातले. वडील लोहारकाम करतात, ऊसतोडीचे कोयते, खुरपी करतात. मी आयटीआयला आहे. वडील नुसता रंग बघून पाणी देतात, तेही साध्या पाण्यात. आमचे सर म्हणतात थर्मामीटरशिवाय हीट ट्रीटमेंट होत नाही. कोणाचं खरं?

सरांना एकदा कोयता करायला बसवा आणि तुम्ही थर्मामीटर धरा, असं लिहायचा मोह होतो. पण सर चुकीचं शिकवत नाहीत. कारखान्यात एका वेळी पाचशे नग भट्टीत जातात, तिथे एकेकाचा रंग कोण बघणार?

तुमच्या वडिलांचं काम नीट बघा. ते अख्खा कोयता पाण्यात घालत नसतील. धारेची बोट-दोन बोटं पट्टीच बुडवत असतील, पाठ लालच राहत असेल. मग कोयता बाहेर काढून धारेचा तुकडा विटेवर किंवा दगडावर घासून पांढरा करतात आणि गप्प उभे राहतात. तेव्हा त्यांना काही विचारू नका. पाठीतली उष्णता धारेकडे उतरत असते आणि पांढऱ्या केलेल्या जागेवर रंग चालत येतात: आधी गव्हाळ, मग तपकिरी, जांभळा, निळा. हवा तो रंग धारेला टेकला की कोयता पुन्हा पाण्यात. सर ज्याला हार्डनिंग (कडक करणं) आणि टेंपरिंग (ठिसूळपणा घालवायला पुन्हा थोडं तापवणं) म्हणतात त्या दोन्ही क्रिया वडिलांनी एकाच तापात उरकल्या. फळ्यावर लिहायचं तर गव्हाळ म्हणजे २०५ ते २२० अंश, तपकिरी २४०-२५०, जांभळा २७०-२८०, निळा ३०० च्या आसपास. ऊस तोडताना कोयता बुडख्याशी मातीत आणि दगडावरही आदळतो, म्हणून तो जांभळ्यावर थांबवतात. तिथे गव्हाळवर थांबलं तर पहिल्या दिवशी धारेचा टवका उडेल.

साध्या पाण्यात निभतं ते याच पद्धतीमुळे. पाठ गरम आणि लवचिक राहते, ताण पडतो तो फक्त कडेला. अडीच मिलिमीटरची भाजीची सुरी मात्र अख्खी पाण्यात घातली तर बऱ्याचदा तडकते. तिला तेल.

एक गोष्ट वडिलांना दाखवा, कारण ती बघून त्यांनाही बरं वाटेल. एकाच पाट्याचे दोन तुकडे घ्या. एक वडिलांच्या रंगावर, दुसरा मुद्दाम पिवळा होईपर्यंत तापवून, दोन्ही गार करा आणि मोडा. मोडलेल्या जागा उन्हात शेजारी धरा. जास्त तापलेला तुकडा खडीसाखरेसारखा कणीदार चमकेल, वडिलांचा तुकडा मंद राखाडी दिसेल, कण डोळ्यांना दिसणारच नाही. सरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली हेच दिसतं.

वडिलांच्या पद्धतीची मर्यादा एकच. रंगाचा त्यांचा अंदाज त्यांच्या ओळखीच्या पोलादावर बसलेला आहे. उद्या कोणी बेअरिंगची रिंग आणून दिली, म्हणजे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम, तर तोच अंदाज आणि तेच पाणी उपयोगी पडणार नाही. तिथे तुमचं आयटीआय कामाला येतं. एवढं झाल्यावर घरात दोन्ही विद्या राहतील. वडिलांचे हात चालताहेत तोवर भात्यावर बसून घ्या.

स्टेनलेसची सुरी घरी करता येईल का? गंजायचा प्रश्नच मिटेल. (एक वाचक, ठाणे)

ताट-वाटीचं स्टेनलेस, म्हणजे ३०४, पाणी घेतच नाही. कितीही तापवा, कडक होणार नाही. सुऱ्यांचं स्टेनलेस वेगळं असतं आणि त्याला हजार अंशांच्या वर, मोजून मिनिटं ठेवावं लागतं. ते चराच्या भट्टीत होत नाही. पट्टी घरी घासून, कडक करायला एमआयडीसीतल्या व्हॅक्यूम भट्टीवाल्याकडे द्या. तो एका सुरीसाठी भट्टी लावणार नाही, चार मित्रांच्या गोळा करून न्या.

मुलानं स्वतः केलेली सुरी मला भेट दिली. आमच्या मालवणात आडाळीचीच (विळीची) सवय, पण ही फार छान चालते. फक्त कैरी आणि बांगडे चिरल्यावर दोन दिवसांत काळी-निळी पडली. विषारी तर नाही ना? मुलाला सांगितलं तर वाईट वाटेल.

मुलाला सांगा, त्याला आनंदच होईल. कैरीतलं आम्ल लोखंडाशी लागलं की वर हा काळसर थर बसतो. तो विषारी नाही, उलट लाल गंजाला थोडा आवर घालतो. पहिले काही दिवस कांद्याला लोखंडाची चव लागेल, थर पक्का बसला की जाईल. काळं घासून काढायच्या मागे लागू नका. लाल ठिपका मात्र दिसला तर ओल्या राखेनं किंवा बारीक पॉलिश पेपरनं त्याच दिवशी काढा.

पथ्य एवढंच की मासे चिरले की लगेच धुऊन, पुसून, कोरडी करून ठेवायची. बेसिनमध्ये भांड्यांखाली ती रात्रभर राहिली तर कोकणातल्या पावसाळ्यात सकाळी तुम्हाला ओळखू येणार नाही. जूनपासून गणपतीपर्यंत पात्याला खोबरेल तेलाचं बोट फिरवा.

माझा सोळा वर्षांचा मुलगा गच्चीवर सुऱ्या करतो. परवा ग्राइंडरवर जुना पत्र्याचा पाइप कापत होता, नंतर रात्री त्याला थंडी वाजून ताप आला. थांबवू का? (एक आई, नाशिक)

छंद थांबवू नका, तो पाइप थांबवा. गॅल्व्हनाइझ केलेल्या, म्हणजे जस्ताचा मुलामा असलेल्या लोखंडाला ताप लागला की जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की काही तासांनी असाच ताप-थंडी येते. एक-दोन दिवसांत उतरते, तरीही डॉक्टरांना दाखवा आणि पाइपचं नीट सांगा. असं लोखंड भट्टीत तर कधीच घालायचं नाही.

बाकी नियम तुम्हीच लावा, कारण सोळाव्या वर्षी ते स्वतः लावत नाहीत. ग्राइंडरचं गार्ड काढलेलं दिसलं तर ग्राइंडर महिनाभर कपाटात. कापायच्या चकतीनं बाजूनं घासायचं नाही, ती फुटते आणि तुकडा चेहऱ्याकडे येतो. डोळ्यांना बंद गॉगल, नाकाला भुशाचा मास्क, सैल बाह्या आणि हातातले धागे नकोत. ड्रिल करताना पातं हातात धरायचं नाही, क्लॅम्पमध्ये. ड्रिल अडकलं की पातं पंख्यासारखं फिरतं आणि बोटं शोधतं. भट्टीपाशी सुती कपडे, नायलॉन नाही. आणि एकटा असताना तेलाचं काम नाही, घरातलं एक माणूस झाकण घेऊन उभं राहील.

सुऱ्या करून विकायला परवाना लागतो का?

स्वयंपाकाची सुरी, विळा, कोयता, खुरपं यांना शस्त्र परवाना लागत नाही. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांची दखल घेतली आहे, पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती त्यातून वगळली आहेत. त्यामुळे वस्तू कशासाठी केली हे दिसायला हवं. दुधारी खंजीर किंवा ‘शोभेची’ तलवार करायची हौस असेल तर ती मनातच ठेवा. शहरांत सणावाराला, निवडणुकीला पोलिसांचे मनाई आदेश असतात, तेव्हा गिऱ्हाइकाकडे सुरी नेताना कमरेला नाही, खोक्यात बांधून, बिलासकट न्या.

आजीची विळी झिजून अर्धी झाली आहे. तिच्या पात्याची सुरी करता येईल?

आधी ठिणगी बघा. ग्राइंडरला पात्याची पाठ हलकेच टेकवा, मग धारेजवळ टेकवा. फुलबाजीसारख्या फांद्या फुटल्या तर कार्बन चांगला आहे, लांब सरळ रेघा आल्या तर नरम लोखंड. दोन्हीकडे फांद्या असतील तर तीन इंची फळांची सुरी निघेल, वर सांगितल्याप्रमाणे नरम करून घ्यायची आणि पुन्हा पाणी द्यायचं. पाठीला सरळ रेघा आणि धारेला फांद्या असतील तर कापू नका. चांगलं पोलाद फक्त धारेपाशी आहे आणि त्यातलं बरंचसं आजीनं आधीच वापरलंय. अशी विळी लोहाराकडून धार काढून घ्या आणि नारळ खवायला ठेवा.